जुनं मॉडेल इंजिन घेताना : आधी उलटं करा

घाटबँकर (श्टुटगार्ट)

नोव्हेंबर लागला की मॉडेल रेल्वेच्या आमच्या मराठी ग्रुपवर एकाच छापाचे मेसेज येऊ लागतात. बाजारातल्या टेबलावर मांडलेल्या इंजिनांचा फोटो आणि खाली दोनच शब्द, "घेऊ का?" फोटोत इंजिन बाजूने दिसतं, रंग झकास, मागे पिवळा पडलेला खोका. एवढ्यावरून कोण काय सांगणार? दर वर्षी तेच ते टंकण्यापेक्षा एकदाच धागा काढून ठेवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो तिथून ग्योपिंगेन जवळ आहे. खेळण्यातल्या गाड्यांची मेर्कलिन कंपनी तिथली, १८५९ पासूनची. सुरुवात बाहुल्यांच्या पत्र्याच्या भांड्याकुंड्यांपासून. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी ठरावीक मापांच्या रुळांवर चालणारी चावीची गाडी मांडली, आणि १९३५ पासून टेबलावर मावेल अशी छोटी विजेची गाडी, जिला आपण आज एचओ म्हणतो. परिणामी इकडे आजोबांच्या पिढीत घरटी एक गाडी. आजोबा गेले, घर रिकामं केलं की ते खोके जुन्या बाजारात येतात. माल भरपूर, गिऱ्हाईक म्हातारं होत चाललेलं. त्यामुळे साध्या इंजिनांचे भाव उतरलेत. "दुर्मीळ आहे" असं विक्रेता म्हणाला तर हसून पुढे जा. शेजारच्या टेबलावर तेच इंजिन असतं.

आता मुद्दा. इंजिन हातात घेतलं की पहिली गोष्ट, ते उलटं करा. वरचा रंग, नाव, नंबर नंतर.

पोटाखाली मधोमध लांब, स्प्रिंगवर दबणारी पट्टी दिसली तर ते मेर्कलिन पद्धतीचं, म्हणजे एसीवर आणि तीन रुळांवर (किंवा मधल्या रुळाऐवजी टाचण्यांच्या ओळीवर) चालणारं. पट्टी नसेल आणि डावी-उजवी चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली असतील तर दोन रुळांचं, १२ व्होल्ट डीसीचं. फ्लाइशमान, रोको या कंपन्यांची बरीच इंजिनं दोन्ही प्रकारांत निघाली आहेत, वरून बघून फरक कळत नाही. पट्टीवालं इंजिन तुमच्या डीसी रुळांवर ठेवलंत तर चालणार तर नाहीच, वर चाकं इन्सुलेट नसल्यामुळे शॉर्ट करेल.

खिशात ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी ठेवा. पट्टी आणि चाक यांना वायरी लावा. मोटर फिरली की वायरी उलट करा. दिशा बदलली तर आत कायमचं चुंबक आहे. बदलली नाही तर जुनी फील्ड कॉइलची (चुंबकाऐवजी तारेच्या वेटोळ्याची) मोटर, जी एसी-डीसी दोन्हीवर एकाच बाजूला फिरते आणि दिशा बदलायला तिला ट्रान्सफॉर्मरकडून सुमारे २४ व्होल्टचा झटका लागतो. त्या झटक्याने आतला रिले, म्हणजे विजेने हलणारा खटका, पलटतो. रिले अडकलेली कितीतरी इंजिनं "फक्त पुढेच जातं, बाकी उत्तम" म्हणून विकली जातात. अडकलेला रिले बहुधा साफसफाईने सुटतो, त्यामुळे ही खोड भाव पाडायला कामाची.

मग चाकं. फ्लँज, म्हणजे चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड, किती खोल आहे ते बघा. जुन्या खेळण्यांची फ्लँज इतकी खोल असते की कोड ७५ च्या रुळांवर, म्हणजे इंचाच्या ७५ हजारांश उंचीच्या रुळांवर, ती स्लीपरना घासत जाते. टेबलाखाली पेटीत जुने, जास्त उंच असे कोड १०० चे रूळ असतील तर चिंता नाही. व्हर्निअर असेल तर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. दोन रुळांच्या आजच्या एचओ चाकांत ते साधारण १४.३ ते १४.५ मिमी असतं. कमी भरलं तर सांध्यांवर गाडी उतरणार.

हे सगळं झालं की मग बॉडी. हँडरेल वेगळ्या तारेचे आहेत की बॉडीतच ओतलेले? बॉयलरच्या खाली, फ्रेमच्या वर, आरपार उजेड दिसतो का, की मोटर लपवायला तिथे ठोकळा भरलाय? खिडकीची काच कडेला सपाट बसते की आत खोल गेल्यासारखी दिसते? नंबर भिंगातून बघा, चांगल्या छपाईत अक्षराची कड तुटत नाही. वजनही हातात तोलून बघा, ओतीव चासीचं इंजिन ओढायला बरं.

आणि शेवटी चालवून. वेगात सगळीच इंजिनं छान पळतात, त्याला भुलू नका. नॉब जेमतेम उघडून इंजिन रांगतं का ते बघा. पाच पोलची (फिरत्या भागावर पाच वेटोळी असलेली) मोटर आणि फ्लायव्हील, म्हणजे वेग टिकवणारं जड चाक, असलेलं चांगलं इंजिन मुंगीच्या चालीने न अडखळता जातं. तीन पोलचं स्वस्त इंजिन आधी गुरगुरतं, मग एकदम उडी मारतं.

जमेल तशी भर घाला. फोटो टाकणार असाल तर कृपया पोटाचा टाका.

---

ठाकुर्लीकर

वाचनखूण साठवली. पण घाटबँकर, तुम्ही बाजारात उभे राहून उलटं करता, आमचं काय? आम्ही इकडे बसून ऑनलाइन घेतो. माझा साधा नियम सांगतो. विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागतो : पोटाचा फोटो, कपलिंगचा (डबे जोडायच्या आकड्याचा) जवळून फोटो आणि सगळ्यात कमी वेगात दोन्ही दिशांना चालल्याचा व्हिडिओ, आवाजासकट. गाणं लावलेला व्हिडिओ आला तर तिथेच नमस्कार. गाण्याखाली गिअरचा आवाज लपतो हो.

आवाजात ऐकायचं काय, तर टक्... टक्... टक्... चाकाच्या दर फेऱ्याला एकदा. म्हणजे अॅक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर चिरलाय (अॅक्सल म्हणजे दोन चाकं जोडणारा आस). गिअर अॅक्सलवर घट्ट दाबून बसवलेला असतो, प्लास्टिक वर्षानुवर्षं ताणाखाली राहतं आणि दोन दात्यांच्या मधोमध केसाएवढी चीर जाते. चीर पडली की त्या जागी दाते फाकतात आणि समोरचा गिअर तिथे अडखळतो. खालचं झाकण काढून भिंगाने बघितलं की दिसते. अमेरिकन डिझेलांत हे फार. गिअर सुटे मिळत असतील तर बिनधास्त घ्या, तासाभराचं काम. मिळत नसतील तर शोपीस.

व्हिडिओत अजून एक बघायचं. इंजिन डुलतं का? सरळ रुळावर बदकासारखं डुलत असेल तर चाक अॅक्सलवर वाकडं बसलंय किंवा आस वाकलाय. वाफेच्या इंजिनात दर फेऱ्याला एका ठरावीक जागी ते दचकत असेल तर डाव्या-उजव्या चाकांतला पाव फेऱ्याचा कोन बिघडलाय आणि कनेक्टिंग रॉड अडतोय. हे दुरुस्त करणं कटकटीचं, त्यासाठी साचा लागतो.

---

यॉर्कची_सून

घाटबँकर, लेख उत्तम, पण तुमचा "तीन रूळ म्हणजे एसी" हा नियम इंग्लिश खाडी ओलांडली की लागू पडत नाही. :) मेकॅनो या ब्रिटिश कंपनीचं हॉर्नबी डब्लो १९३८ साली आलं ते तीन रुळांचंच, पण १२ व्होल्ट डीसी. मधल्या रुळाची पट्टी बघून कुणी मेर्कलिनचा ट्रान्सफॉर्मर जोडला तर संपलं. त्यामुळे उलटं केल्यावर पट्टीच्या शेजारचं नावही वाचा. "मेकॅनो लिमिटेड" दिसलं की लिव्हरपूल, म्हणजे डीसी.

दुसरं, मापाचा घोळ. ब्रिटिश गाड्या ओओ, म्हणजे १:७६.२. बाकी युरोप आणि अमेरिका एचओ, १:८७. रूळ मात्र दोघांचे १६.५ मिमी! ब्रिटिश इंजिनं मुळात आकाराने लहान, त्या काळच्या मोटरी मोठ्या, मोटर आत मावावी म्हणून बॉडी वाढवली आणि रूळ तसेच ठेवले. म्हणून ओओची गाडी तिच्या रुळांवर जरा अरुंद पायांवर उभी वाटते. एकाच गाडीत ओओचं इंजिन आणि एचओचे डबे जोडले तर डबे खुजे दिसतात. सेकंडहँड पेट्यांत ही सरमिसळ हमखास असते.

आता खरा विषय, ज्यावर कोणी बोललं नाही : मझॅकचा रोग. चासी, चाकं, वजनं ही जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली असतात. त्या जस्तात शिसं वगैरे भेसळ राहिली तर धातू आतून, कणाकणांच्या सीमेवरून गंजत जातो. दमट हवेत लवकर. आधी फुगतो, मग तडकतो, शेवटी बोटाने दाबलं की भुगा. युद्धापूर्वीच्या हॉर्नबी मालात, विशेषतः चाकांत, हे इतकं आढळतं की चाकं बदललेली नसतील तर मीच चकित होते. पण केवळ जुन्याच मालात होतं असं समजू नका. चालू शतकात ओतलेल्या चासीही तडकलेल्या पाहिल्यात. भट्टीत त्या दिवशी काय पडलं यावर सगळं अवलंबून.

ओळखायचं कसं? इंजिन सपाट काचेवर ठेवा आणि डोळे काचेच्या पातळीवर आणा. सगळी चाकं टेकतात का? चासी मधे फुगली असेल तर टोकं उचललेली दिसतात. बफर बीम, म्हणजे टोकाची आडवी पट्टी, सरळ आहे की केळीसारखा वाकलाय? बॉडीचा स्क्रू काढूनही बॉडी निघत नसेल तर जोर करू नका, आत चासी लांबलेली असते. रंगाच्या खाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या की इंजिन परत टेबलावर ठेवायचं आणि थँक्यू म्हणायचं. याला औषध नाही. लाखेचा लेप, गोंद, सगळे प्रकार लोक करतात. विकायच्या आदल्या आठवड्यात तर नक्कीच करतात.

---

रुळावरून_घसरलेला

ताई, एवढं सगळं ठीक, पण तुम्ही लोक खोक्यासाठी दुप्पट पैसे का मोजता हे मला आजवर कळलेलं नाही. मी इंजिन रुळावर चालवतो, खोका माळ्यावर जातो. मला विचाराल तर बिनखोक्याचं, रंग उडालेलं, पण मोटर ठणठणीत असलेलं इंजिन म्हणजे सगळ्यात शहाणी खरेदी. संग्राहक त्याच्याकडे बघत नाहीत.

---

यॉर्कची_सून

अहो, चालवायलाच घेताय तर खोका नकोच. माझं पूर्ण अनुमोदन. पण संग्रहासाठी घेताय आणि खोक्याचे पैसे देताय तर तो खोका खरा आहे का ते तरी बघाल? जुन्या खोक्यांच्या नव्या प्रती उघडपणे छापून विकल्या जातात. विकणारा "प्रत" म्हणून विकतो, तिसऱ्या हातात गेल्यावर तो शब्द गळतो. युद्धापूर्वीचा म्हणून दाखवलेला खोका जांभळ्या यूव्ही टॉर्चखाली धरा. नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी रसायन घालतात, तो निळसर चमकतो. त्या काळचा कागद मंद राहतो. हा टॉर्च नोटा तपासायला मिळतो तोच.

आणि रेन या ब्रिटिश कंपनीची इंजिनं घेणाऱ्यांनी जास्तच जपावं. १९६४ साली लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीने मेकॅनो घेतली, पुढे डब्लोचे साचे रेनकडे गेले. म्हणजे मूळ ओतकाम एकच, रंग-नावं वेगवेगळी, आणि काही नावं फार थोडी निघाली. साधं इंजिन घ्यायचं, रंग धुवायचा, दुर्मीळ नाव लावायचं, हा धंदा म्हणून सोपा. मी नावाच्या पट्टीपेक्षा न दिसणाऱ्या जागा बघते : केबिनच्या आतली कड, बफरच्या मागे, स्क्रूची खाच. कारखान्यात रंग आधी मारतात, स्क्रू नंतर बसतो. स्क्रूच्या खाचेत हिरवा रंग भरलेला असेल तर तो कारखान्यातला नव्हे.

---

कुर्ला_शेड

भारतीय इंजिनांबद्दल कोणी लिहिणार की नाही? माझ्याकडे जे फोटो येतात त्यातले निम्मे "डब्ल्यूडीएम-२, एचओ स्केल, हँडमेड" असे असतात. डब्ल्यूडीएम-२ म्हणजे आपलं ब्रॉडगेजचं जुनं डिझेल, पण ही मॉडेलं म्हणजे बहुतेक परदेशी चासीवर बसवलेली बॉडी असते. त्यात गैर काही नाही, मीही तेच करतो. पण मग भाव चासीचा किती आणि हातकामाचा किती ते कळायला हवं.

पहिलं म्हणजे पट्टी लावा. खरं डब्ल्यूडीएम-२ बफरसकट १७.१२ मीटर. भागिले ८७, म्हणजे एचओत सुमारे १९७ मिमी. २२५ च्या घरात भरलं तर ते ओओ आहे, विकणाऱ्याला माहीत असो वा नसो. मधलंच काहीतरी भरलं तर चासीची लांबी बघून बॉडी ताणलीय. दुसरं, बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा गाडा. या इंजिनाचा मूळ आराखडा ज्या अमेरिकन कंपनीचा, त्या अल्कोच्या बोगीत तीन आस समान अंतरावर नसतात, दोन जवळ आणि एक लांब. तिन्ही सारख्या अंतरावर दिसले तर खाली दुसऱ्याच कुळातली बोगी आहे. तिसरं, चाक. आपलं चाक १०९२ मिमी व्यासाचं, एचओत साडेबारा मिमी. अमेरिकन ४० इंची चाक पावणेबाराच्या आत राहतं. डोळ्याला पाऊण मिमी कळत नाही असं वाटतं, पण इंजिन बसकं दिसतं ते यामुळेच.

रुळांच्या बाबतीत मात्र कुणालाच दोष देऊ नका. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओत ते १९.२६ मिमी व्हायला हवं. बाजारात मिळतात १६.५ चे. स्वतः रूळ ठोकणारे थोडेच. बाकी आपण सगळे आपली राजधानी युरोपच्या गेजवर चालवतो.

आता घाटबँकर, तुमच्या आयडीला जागून एक प्रश्न. "जीआयपी रेल्वेचा खेकडा" (घाटात चालणाऱ्या जुन्या विजेच्या इंजिनाचं टोपणनाव) म्हणून एक मॉडेल विकायला आलंय. तपकिरी रंग, दोन नाकं, मधे केबिन. फोटो पोटाचा नाही. :) मेर्कलिनच्या स्विस क्रोकोडीलला (तिकडच्या लांब नाकांच्या विजेच्या इंजिनाच्या मॉडेलला) रंग मारलाय असा माझा वहीम. काय वाटतं?

---

घाटबँकर (श्टुटगार्ट)

@ठाकुर्लीकर, व्हिडिओतल्या गाण्याचा मुद्दा शंभर टक्के. @यॉर्कची_सून, डब्लोचा इशारा लेखातच असायला हवा इतका महत्त्वाचा आहे, अॅडमिननी तो वर जोडावा.

@कुर्ला_शेड, पोटाचा फोटो नसला तरी चालेल, चाकं मोजा. स्विस क्रोकोडील म्हणजे सीई ६/८, आठ आसांपैकी सहा चालते. दोन्ही टोकांना एकेक छोटं, न चालणारं चाक असतं. आपल्या भोर आणि थळ घाटांसाठी १९२८ पासून आलेल्या ईएफ/१ ला, म्हणजे पुढच्या डब्ल्यूसीजी-१ ला, ती छोटी चाकं नाहीतच. तीन आणि तीन, सगळी चालती. दोघांत घरोबा आहे हे खरं. खेकड्याची पहिली काही इंजिनं क्रोकोडील बनवणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरच्या कारखान्याचीच, बाकीची इंग्लंडात व्हल्कन फाउंड्रीत झाली. पण नाकांची ठेवणही वेगळी आहे. स्विस इंजिनाची नाकं लांब आणि निमुळती, मधली केबिन आखूड. खेकड्याचा धड मोठा. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात "सर लेस्ली विल्सन" उभं आहे, त्याच्या बाजूच्या फोटोशी ताडून बघा. टोकाला छोटं चाक असेल तर तो रंग मारलेला क्रोकोडील.

आणि मग एक दुःखद शक्यता. मेर्कलिनचा एचओ क्रोकोडील १९४७ पासूनचा. सुरुवातीच्या ओतीव बॉडीच्या नगांना संग्राहक भरपूर पैसे देतात, पण मूळ रंगात. कुणी हौसेने तपकिरी रंग मारून खेकडा केला असेल तर चांगलं इंजिन वाया घालवलं. तसं असेल तर चालत्या मोटरच्या भावाने घ्या, एक पैसा जास्त नको. रंग काढून "मूळ" करायला जाऊ नका, तो पुन्हा रंगवलेलाच राहतो.

---

कुर्ला_शेड

विक्रेत्याने फोटो पाठवला. छोटं चाक आहे. दोन्ही टोकांना. :D

भाव विचारला तर म्हणतो, "भारतात एकच आहे." बरोबर आहे, असा दुसरा कोण करेल!

---

नवा_गडी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. आतापर्यंत नुसता वाचत होतो. कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात मुलीला घेऊन गेलो आणि तेव्हापासून घरात हाच विषय. मेव्हणा अमेरिकेहून येतोय, तो स्टार्टर सेट आणेल म्हणतो. इंजिनाच्या खोक्यावर "डीसीसी रेडी" लिहिलंय. म्हणजे घेतलं, ठेवलं, मोबाइलवरून चालवलं, असंच ना?

---

सर्किटवाला

नाही हो. "रेडी" म्हणजे फक्त सॉकेट आहे, डिकोडर नाही. सॉकेटमधे एक कोरी पट्टी खोचलेली असते, ती काढून डिकोडर बसवायचा. सॉकेट किती पिनांचा ते आधी विचारा : ८ पिनी जुना आणि सुटसुटीत, २१ पिनी, प्लक्स २२, आणि छोट्या इंजिनांत नेक्स्ट १८. एकाचा डिकोडर दुसऱ्यात बसत नाही. "डीसीसी फिटेड" किंवा "साउंड" लिहिलं असेल तर आत डिकोडर आहे. डीसीसीचं मूळ तंत्र लेन्झ या जर्मन कंपनीचं, १९९४ च्या सुमारास अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने ते प्रमाण म्हणून घेतलं, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं एका रुळावर चालतात.

सेकंडहँड डिजिटल इंजिन घेताना त्याचा पत्ता, म्हणजे ज्या आकड्याने त्याला हुकूम जातो तो, विचारून घ्या. मूळ पत्ता बहुधा ३ असतो, पण आधीच्या मालकाने बदललेला असतो आणि मग लोक म्हणतात इंजिन मेलं. रिसेट करून बघा. आणि डिकोडर नसलेलं साधं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवून "चालतं का बघू" करू नका. मोटर भुणभुणते, गरम होते. कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर जळते.

पण नव्या गड्यासाठी याहून मोठी गोष्ट : अमेरिकन सेटचा पॉवर पॅक १२० व्होल्टचा असतो. पिन बदलणारा अॅडॉप्टर लावून आपल्या २३० व्होल्टमधे खोचलात तर पहिल्याच मिनिटाला धूर. अॅडॉप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. पॅकच्या पाठीवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तरच थेट लावा, नाहीतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा कंट्रोलर इथलाच घ्या. जर्मनीतून आलेले जुने धातूच्या पेटीतले ट्रान्सफॉर्मर २२० चे असतात, पण वायरीचं रबर कडक होऊन तडकलेलं असेल तर मुलांच्या हातात अजिबात देऊ नका.

---

आप्पा_रत्नागिरी

सगळ्यांनी विकत कसं घ्यायचं ते सांगितलं. आमच्या कोकणात आणल्यावर ते टिकवायचं कसं, हे कोण सांगणार? खोक्यातला फोम ही सगळ्यात वाईट वस्तू. दोन-तीन दशकांत तो चिकट होतो, मग त्याचा चुरा होतो आणि रंगात रुतून बसतो. इंजिन घेताना फोमला बोट लावून बघा. बोट चिकटलं तर रंगाची पाठची बाजू नीट तपासा, तिथे फोमची जाळी उमटलेली असते. घरी आणल्याबरोबर फोम टाका, आम्लविरहित कागदात गुंडाळा, डब्यात सिलिका जेल. चाकांवरचे रबराचे टायर कडक झालेत का ते नखाने बघा, ते बदलता येतात, स्वस्त असतात. पण टायर नसलेल्या रिकाम्या खाचेवर इंजिन चालवलं तर एका बाजूने ओढ घेतं.

पितळी मॉडेलांबद्दलही दोन शब्द. जपानात आणि नंतर कोरियात हाताने जोडलेली, अमेरिकेच्या बाजारासाठी. बघायला दागिना, त्यात वाद नाही. पण जुन्या पितळी इंजिनात मोटर आणि गिअर त्या काळचेच, रांगायच्या परीक्षेत आजच्या मध्यम भावाच्या प्लास्टिकच्या इंजिनासमोर मार खातात. झाळकाम बघा : सांध्यात झाळ एकसारखी आत ओढलेली असावी, गोळे नकोत. कपाटासाठी घ्या. लेआउटवर रोज चालवायला नको.

---

रुळावरून_घसरलेला

आप्पा, "कपाटासाठी" हा शब्दच मला कळत नाही हो. चाकं कशाला दिली मग त्याला?

---

आप्पा_रत्नागिरी

तुझ्या आयडीकडे बघून सांगतो, चाकं असून उपयोग काय? :))

---

नवा_गडी

धन्यवाद मंडळी. सेट रद्द केला. त्याऐवजी पुण्यातच एकांकडे रोकोचं जुनं डिझेल मिळतंय, दोन रुळांचं डीसी. काल त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. वर लिहिलेलं सगळं क्रमाने केलं. उलटं केलं, मधे पट्टी नाही. काचेवर ठेवलं, सगळी चाकं टेकतात. टक्-टक् नाही. रांगताना मात्र अडखळत होतं, बोटाने टोचलं की पुढे जायचं. एका बाजूचं कपलिंग तुटलेलं आहे. दिवे फक्त एका टोकाचे लागतात. खोका आहे, पण दुसऱ्याच इंजिनाचा. घेऊ का? :)

---

ठाकुर्लीकर

बोटाने टोचलं की जातं म्हणजे मोटर नाही, वीज पोचत नाहीये. चाकांवर काळा थर दिसला का? पुन्हा गेलात तर एक करा. वहीच्या कागदाचा बारीक तुकडा घ्या. इंजिन चालू असताना एकेका चाकाखाली सरकवा. कागदाखाली रुळाशी संबंध तुटतो. ज्या चाकाखाली कागद गेल्यावर इंजिन थांबतं, त्या बाजूला तेवढं एकच चाक काम करतंय, बाकीची मेलेली. कुठे कागद घातला तरी फरक पडत नसेल तर दोन्ही बाजूंना एकाहून जास्त पिकअप (चाकावरून वीज घेणाऱ्या पट्ट्या) चालू आहेत आणि दोष बहुधा मोटरच्या ब्रशकडे, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांकडे.

---

नवा_गडी

केलं. डाव्या बाजूला एकाच चाकावर थांबतं, उजवीकडे कुठेही थांबत नाही. चाकं कोळशासारखी काळी.

---

ठाकुर्लीकर

मग घ्या. किचन टॉवेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून रुळावर आडवा टाका, एक बोगी त्यावर आणि दुसरी रुळावर ठेवून इंजिन हाताने धरून फिरू द्या, काळं निघेल. नंतर बोगी उलट करून तेच. तरी डावीकडे थांबलं तर पिकअपची पत्र्याची जीभ चाकापासून लांब गेलीय, चिमट्याने हलकेच आत वाकवा. सँडपेपर लावू नका, चरे पडले की काळं दुप्पट वेगाने बसतं.

---

घाटबँकर (श्टुटगार्ट)

दिव्याचं काम बल्ब किंवा डायोडचं, किरकोळ. कपलिंग कुठे तुटलंय ते बघा. नुसता आकडा तुटला असेल आणि मागचा चौकोनी खिसा शाबूत असेल तर तो एनईएम ३६२ या युरोपीय प्रमाणाचा खिसा, नवं कपलिंग त्यात टचकन बसतं. खिसाच तुटला असेल तर अजून थोडे कमी करायला सांगा. आणि त्या परक्या खोक्याचे पैसे देऊ नका, तो रुळावरून_घसरलेला यांना पाठवून द्या.